दोन्ही दिशांनी वाहणारा बोगदा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटर लांबीचा एक बोगदा आहे. त्यातलं पाणी कधी पश्चिमेला वाहतं, कधी पूर्वेला, आणि दोन्ही वेळा उतारानंच. पंप लागत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाणी उताराकडे धावतं हे तर शेंबडं पोरही जाणतं. मग एकच नळी दोन्हीकडे उतरती कशी?

आकृती काढली आणि उलगडलं. बोगद्याच्या पश्चिम टोकाला क्वाबिन तलाव, समुद्रसपाटीपासून 530 फुटांवर. पूर्व टोकाला वाचुसेट तलाव, 395 फुटांवर. आणि वाटेत वेअर नावाची नदी, ती क्वाबिनहूनही उंचावर. नदीला जादा पाणी आलं की ते एका खोल कूपातून बोगद्यात सोडतात. पूर्वेचं दार तेव्हा बंद असतं, म्हणून पाणी मुकाट्यानं क्वाबिनला जातं. मग नदीचं पाणी घेणं थांबवायचं, पूर्वेचं दार उघडायचं, की क्वाबिनमधलं पाणी त्याच बोगद्यातून उलट निघतं आणि वाचुसेटमध्ये उतरताना वीजसुद्धा देऊन जातं. क्वाबिनमध्ये पाणी सोडण्याची जागा आणि ते परत घेण्याची जागा एकमेकींपासून फार दूर नाहीत. नदीचं ताजं पाणी तसंच परत फिरू नये म्हणून तलावात आडबंध घातले आहेत. ते पाण्याला एका टेकडीला लांबचा वळसा घालायला लावतात. तेवढ्या वेळात गाळ बसतो, पाणी निवळतं.

हे पाणी एका शहराचं नाही, आणि मला खरं अप्रूप आहे ते याचं. 1895 साली राज्यानं कायदा करून सामाईक पाणीपुरवठ्याची यंत्रणा उभी केली. सुरुवातीला बॉस्टन धरून 13 शहरं-गावं तिच्यात आली. बॉस्टनच्या विधिमंडळ भवनापासून दहा मैलांच्या आतल्या बाकीच्यांनाही दार उघडं होतं. फ्रेडरिक स्टर्न्स या अभियंत्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की आधी नाशुआ नदी अडवा, ती पुरेनाशी झाली की आणखी पश्चिमेला वेअर आणि स्विफ्ट नद्या आहेत. नाशुआवरचं वाचुसेट धरण 1905 मध्ये झालं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत यंत्रणा बरोबर त्याच वाटेनं सरकत गेली. जी गावं अजून यायची होती, त्यांच्या तहानेचाही हिशेब त्या माणसानं मांडला होता.

आज सुमारे 50 शहरं-गावं या पाण्यावर आहेत. सामाईक प्राधिकरण घाऊक पाणी विकतं. गल्लीतली जलवाहिनी, घरचा मीटर, बिल हे सारं ज्याच्या त्याच्या नगरपालिकेचं. सदस्य गावांचे प्रतिनिधी एका सल्लागार मंडळात बसतात आणि प्राधिकरणाचा खर्च तपासतात. क्वाबिनचं पाणी गाळण्याच्या टाक्यांतूनही जात नाही. भोवतालचं जंगल राखलंय, तीच गाळणी. पुढे निर्जंतुक केलं की पाणी थेट नळाला.

पण 1980च्या दशकात ही व्यवस्था तुटायला आली होती. तलावांतून बिनधोक घेता येईल असं पाणी दिवसाला 30 कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 113 कोटी लिटर, आणि खप त्याच्याही वर. कनेटिकट नदी वळवायची योजना तयार होती. ती बाजूला ठेवून लोकांनी गळत्या शोधल्या. जुन्या जलवाहिन्या दुरुस्त केल्या, घराघरांतले नळ-शॉवर कमी पाणी खाणारे बसवले. आता खप 20 कोटी गॅलनच्या आसपास असतो. एक अख्खी नदी गळक्या सांध्यांमधून सापडली, असंच मी म्हणेन. आणि ती एकट्या बॉस्टनला सापडली नसती. शेजारची गावं गळत राहिली असती तर एकाच्या दुरुस्तीनं काय होणार होतं?

उतार संपतो तिथे मात्र पंप लागतात. बॉस्टनमधल्या चेस्टनट हिल जलाशयाच्या काठावर 1887 सालचं एक दगडी पंपघर आहे. कमानी, मनोरा, उतरतं छप्पर. दुरून एखादं देऊळ वाटावं. उंचावरच्या वस्त्यांना पाणी चढवण्याचं काम इथून चाले. आत तीन मजले उंच असं 1894 सालचं वाफेचं इंजिन उभं आहे. इरॅस्मस डार्विन लेव्हिट यांनी आराखडा केलेलं हे धूड पाणी वर ढकलायचं. त्याची खुबी पंपाच्या झडपांत आहे. साध्या पंपात पाण्याच्या दाबानं झडप मिटते. वेग वाढवला की ती दणादण आपटायला लागते. इथे नेमक्या क्षणी झडप मिटवायचं काम खुद्द यंत्रच करायचं, म्हणून एवढं मोठं इंजिनही वेगानं चालू शके. 1928 मध्ये ते थांबलं, पण भंगारात गेलं नाही. पुढे पंपघरही निकामी झालं. मग आवारातल्या इतर इमारतींमध्ये राहती घरं झाली आणि इंजिनांच्या दालनात 2011 साली जलसंग्रहालय उघडलं. नळापाठचे कष्ट एवढ्या जवळून दाखवणारी दुसरी जागा माझ्या तरी माहितीत नाही.

या सगळ्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दल बोलायला हवं. क्वाबिन मोठा तलाव आहे, सुमारे 55 टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यासाठी डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं उठवली. सुमारे अडीच हजार माणसं गेली. साडेसात हजार थडगी उकरून दुसरीकडे नेली. 27 एप्रिल 1938 च्या रात्री एनफिल्डच्या नगरभवनात निरोपाचा नाच होता. बाराचे टोले पडले आणि चारही गावं कायद्यानं संपली. वाद्यवृंद वाजत होता, लोक रडत होते. मुळशी, कोयना, उजनीची धरणग्रस्त गावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ती रात्र वेगळी समजावून सांगायला नको.

प्रेस्कॉटचं लाकडी चर्च मात्र वाचलं. स्किनर नावाच्या उद्योजकानं ते 1930 च्या सुमारास तिथून हलवून साउथ हॅडली गावात पुन्हा उभं केलं आणि त्यात आपलं संग्रहालय थाटलं. पुढे क्वाबिनपासून निघालेली आणखी एक जलवाहिनी चिकोपी आणि विलब्रॅहमबरोबर साउथ हॅडलीच्याही एका भागाला पाणी देऊ लागली. प्रेस्कॉटचं चर्च ज्या गावात आलं, त्याच गावाच्या काही नळांना आता प्रेस्कॉटच्या खोऱ्यातलं पाणी येतं.