शेजारची सीट रिकामी आहे का?

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत रुमाल, पिशवी, छत्री आणि वेळ पडली तर घरातलं शेंडेफळसुद्धा खिडकीतून आत जातं! जागा मिळाली की पुढची काळजी सुरू. शेजारी कोण येणार? बाईमाणूस आलं तर बरं. कुणीच नाही आलं तर सोन्याहून पिवळं. पिशवी बाजूला ठेवता येते, पाय जरा वर घेता येतात, दोन घटका डोळा लागतो.

मैत्रिणींनो, विमानातही असा रुमाल टाकता येतो. फक्त तो कापडाचा नसतो, नंबराचा असतो. 'फ्रीक्वेंट फ्लायर' म्हणतात त्याला, म्हणजे नेहमी विमानानं जाणाऱ्यांचं खातं. नाव ऐकून "छे बाई, हे आपल्यासाठी नाही" म्हणत पान उलटू नका. आज आपल्या गावांतल्या गल्लीगल्लीत एक तरी घर असं आहे, जिथली आई नाहीतर सासू लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडं सांभाळायला परदेशी जाते. दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू भरायचे आणि निघायचं. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन २५,०००. अशा दोन खेपा केलेल्या बाईनं पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून वर दहा हजार किलोमीटर कापलेले असतात! मग नेहमी उडणारी ती नाही तर कोण?

हा विषय माझ्या डोक्यात आला तो माझ्या थोरल्या नणंदबाईंमुळे. त्यांचा मुलगा टोरांटोला. दोन खेपा झाल्या होत्या. तिसऱ्या वेळी नातू झाला, तिकडून बोलावणं आलं आणि वन्सं अडून बसल्या. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं, डॉक्टरांची परवानगी होती. मग अडतंय कुठं? एक दिवस भाजी निवडता निवडता बोलल्या.

"अगं, मागच्या वेळी चौदा तास दोन बाप्यांच्या मधे बसून काढलेत मी. दोघांनीही दोन्हीकडच्या दांड्यांवर हात टेकवलेले. माझे हात मी ठेवू कुठं? आणि बाथरूमला जायचं तर झोपलेल्या परक्या माणसाला हलवायचं. मी आपलं पाणीच प्याले नाही."

"अहो वन्सं, चौदा तास पाणी नाही?"

"दोन घोट. नातवाला काय, फोनवर बघेन."

मला गलबलून आलं. नातू एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला आणि मधे काय, तर विमानातली मधली सीट! आणि ही काही वन्संची एकटीची गोष्ट नव्हे. लांबच्या प्रवासात उठायला लागू नये म्हणून पाणी तोडणाऱ्या बायका एसटीत कमी आहेत का? विमानात ही सवय जास्तच जाचते, कारण तिथली हवा कोरडी आणि बसणं लांबलचक. पाय न हलवता तासन्‌तास बसलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं, की चार तास किंवा त्याहून जास्त बसून प्रवास केला की हा धोका सुमारे दुप्पट होतो. विमानातच असं नाही, बस, रेल्वे आणि मोटारीतही. घाबरून जाऊ नका, तरीही तो साधारण ६,००० माणसांत एकाला इतकाच असतो. पण ऑपरेशन झालेलं असेल, पूर्वी गुठळीचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं. आणि अधूनमधून उठायला हवं. म्हणून शेजारची मोकळी सीट ही चैन वाटली तरी कित्येकींच्या दृष्टीनं ती गरज असते.

आता ही रिकामी सीट मिळते कुणाला? नशिबानं मिळते असं आपण धरून चालतो. खरं तर तिच्यामागे मोठा हिशोब असतो.

हा हिशोब सुरू झाला अमेरिकेत. १९७८ साली तिथल्या सरकारनं विमानभाड्यांवरचं नियंत्रण काढून टाकण्याचा कायदा केला आणि कंपन्यांत गिऱ्हाईक ओढायची चढाओढ लागली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं 'अॅडव्हांटेज' नावाची योजना काढली. आरक्षणाच्या संगणकात तेच ते फोन नंबर शोधून नेहमीची गिऱ्हाइकं हुडकली म्हणे! जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, मैल साठले की तिकीट फुकट. आपला वाणी जुन्या गिऱ्हाइकाला वर मूठभर शेंगदाणे घालतो, तसंच. युनायटेडनं लगेच पाठोपाठ स्वतःची योजना आणली आणि मग जगभर हे लोण पसरलं.

पुढे सभासदांच्या पायऱ्या झाल्या. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. वरच्या पायरीवरच्यांना वेगळी रांग, जास्तीचं सामान, विश्रांतीला लाउंज, विमानात आधी प्रवेश. आणि काही कंपन्यांत आणखी एक गंमत असते. विमान भरलेलं नसेल, तर या मानकऱ्यांच्या शेजारची सीट संगणक शेवटपर्यंत अडवून ठेवतो. तुम्हाआम्हाला वाटतं, काय नशीबवान माणूस! नशीब कसलं, त्याचा रुमाल आधीच पडलेला असतो.

पैसे मोजूनही शेजार रिकामा ठेवता येतो. युरोपातल्या छोट्या पल्ल्याच्या अनेक विमानांत 'बिझनेस क्लास' म्हणजे तीच साधी तीन सीटांची रांग, फक्त मधली रिकामी ठेवलेली. एअर न्यूझीलंडनं २०११ पासून तीन सीटा जोडून पाय पसरता येतील असा कोच केला. अबू धाबीच्या एतिहादनं शेजारच्या सीटसाठी बोली लावायची सोय काढली. आपल्याकडे इंडिगोनं जुलै २०२० मध्ये, कोविडच्या भीतीच्या दिवसांत, एका माणसाला दोन सीटा घेऊ दिल्या. आणि अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली अडीच लाख डॉलरना जन्मभर कितीही उडायचा पास विकला होता. पुढे आणखी पैसे भरून सोबत्याचाही पास मिळे. एका गृहस्थांनी तो घेतला आणि कधीकधी सोबत्याच्या जागी चक्क आपल्या बॅगेच्या नावानं सीट राखली! कंपनीनं २००८ साली त्यांचा पास रद्द केला आणि भांडण कोर्टात गेलं.

म्हणजे पैसेवाल्याच्या बॅगेला सीट, आणि आपल्या वन्संना हात टेकायला दांडी नाही.

गरज ओळखून जागा देणारेही आहेत, तेही सांगायला हवं. कॅनडात २००८ साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणानं मोठ्या कंपन्यांना आदेश दिला, की ज्या अपंग प्रवाशाला मदतनीस किंवा जास्तीची सीट लागते, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात एकच भाडं घ्यायचं. आपल्याकडे एअर इंडियानं जानेवारी २०१७ मध्ये देशातल्या विमानांत एकट्या बायकांसाठी सहा सीटांची रांग राखली. मे २०२४ मध्ये इंडिगोनं बायकांना सीट निवडताना दुसऱ्या बायका कुठे बसल्यात ते दिसेल अशी सोय आणली. आपली एसटी तर 'महिलांसाठी राखीव' ही पाटी कधीपासून लावतेय. पण परदेशी जाणाऱ्या लांबच्या विमानात अशी पाटी सहसा नसते. तिथे नाव नोंदवावं लागतं आणि तोंड उघडावं लागतं.

वन्संचं काय झालं ते सांगते. भाच्याला फोन करून विचारलं, "तुझ्या आईचं खातं आहे का रे?" तो म्हणाला, "आहे ना मामी, पहिल्याच वेळी उघडलंय." खातं आईचं आणि आईला पत्ता नाही! नंबर त्याच्या ईमेलमध्ये. बरं, दोन खेपांपैकी एकीचेच मैल जमा होते. दुसऱ्या वेळी तिकिटावर पासपोर्टप्रमाणे नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव होतं आणि खात्यावर फक्त नाव-आडनाव. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका! लग्नानंतर नाव बदलणाऱ्या आपल्यासारख्यांचं हे दुखणं रेशनकार्डापासून बँकेपर्यंत सगळीकडे आहे, ते विमानातही आलं. मागणी करायची मुदत गेली होती, ते मैल बुडाले. खात्यावरचं नाव तेवढं दुरुस्त करून घेतलं.

मग भाच्यानं त्याच कंपनीचं तिकीट काढलं. मागच्या बाजूची, मधल्या तीन सीटांतली कडेची सीट घेतली. तिच्या शेजारची सीट मधली, म्हणजे कुणी आपणहून न मागणारी. मुंबईच्या काउंटरवर वन्संनी स्वतः विचारलं, मराठीतच. "बाळ, माझा गुडघा झालाय. विमान भरलंय का गं?" त्या मुलीनं नंबर बघितला, पडद्यावर बोटं फिरवली आणि म्हणाली, "काकू, शेजारची सीट सध्या मोकळी आहे. शक्यतो कुणाला देत नाही. पण शब्द नाही देत हं."

दुसऱ्या दिवशी टोरांटोहून फोन. "अगं, शेजारी कुणी आलंच नाही! चार वेळा उठले. आणि तांब्याभर पाणी प्याले!" नातवाबद्दल बोलायच्या आधी हे सांगितलं बरं का.

खरं सांगायचं तर, वन्संचं खातं सगळ्यात खालच्या पायरीवरचं. हक्कानं सीट अडवण्याचं बळ त्यात नाही. वर्षाकाठी एक खेप करून कुणी 'गोल्ड' होत नाही, अशी खोटी आशा मी दाखवणार नाही. शिवाय आता बऱ्याच कंपन्या मैलांऐवजी तिकिटाच्या किमतीवर गुण देतात, आणि स्वस्त तिकिटाला कमी मिळतात. पण खातं उघडायला सहसा पैसे पडत नाहीत. मग हातचं का घालवायचं?

थोडक्यात, करायचं काय?

पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तसंच घालून खातं स्वतःच्या नावानं उघडा. नंबर मुलाच्या ईमेलमध्ये राहू देऊ नका, आपल्या वहीत लिहा. तिकीट काढतानाच तो नंबर घालायला सांगा.

दर वेळी वेगळ्या कंपनीनं गेलात तर मैल चार डब्यांत चार दाणे होतात. कंपन्यांचे गट असतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून 'स्टार अलायन्स'मध्ये आहे. लुफ्तान्सा, युनायटेड, सिंगापूर एअरलाइन्स त्याच गटातल्या, त्यामुळे एकीचा प्रवास दुसरीच्या खात्यात जमा करता येतो. कतार आणि ब्रिटिश एअरवेज 'वनवर्ल्ड' नावाच्या दुसऱ्या गटात आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद यांपैकी कुठल्याच गटात नाहीत. भाड्यात फार फरक नसेल तर एकच घर धरून राहा.

बोर्डिंग पास घरी येईपर्यंत, नव्हे मैल जमा होईपर्यंत, फाडू नका. जमा झाले नाहीत तर काही महिने मागणी करता येते. मैलांना मुदतही असते, ती विचारून ठेवा.

दोघं निघाला असाल तर तिघांच्या रांगेत खिडकीची आणि कडेची सीट घ्या, मधली सोडा. ती रिकामी राहिली तर तुमचीच. कुणी आलंच तर सीट बदलून घ्यायला ते आनंदानं तयार होतात. अगदी पुढच्या भिंतीलगतच्या सीटचा मोह धरताना एक लक्षात ठेवा. तिथले हाताचे दांडे बहुधा पक्के असतात, वर उचलत नाहीत, म्हणून शेजार रिकामा असूनही आडवं होता येत नाही. तान्हं बाळ असेल तर मात्र पाळणा तिथेच लावतात.

विमानाचं दार बंद झालं आणि पलीकडे रिकामी रांग दिसली, तर सेविकेला विचारून त्याच वर्गात जागा बदलता येते. "मे आय सिट देअर?" एवढं पुरतं. हातानं खूण केली तरी त्यांना कळतं.

आणखी एक. घरातलं सोनं, जमीन, बँकेची ठेव कुणाच्या नावावर असावी यावरून आपल्याकडे महाभारत होतं. हे मैल मात्र जी बसते तिच्याच खात्यात जमा होतात. काही कंपन्या कुटुंबाचे गुण एकत्र करू देतात, पण तेही रीतसर नोंदणी करूनच. इतक्या वर्षांचं तुमचं जाणं-येणं, बाळंतपणं, दुपटी, रात्रीची जागरणं कुठल्या वहीत लिहिली गेली नाहीत. निदान हे किलोमीटर तरी नावावर लिहून घ्या. आणि विमानात भरपूर पाणी प्या!