पुल-आउट नळ घेण्याआधी टाकीची उंची मोजा

घर नवं असो की जुन्या किचनचं काम काढलेलं असो, आजकाल घरातल्या बायकांची एक मागणी हमखास असते : सिंकवर ओढून बाहेर येणारा, शॉवरसारखी फवार सोडणारा नळ हवा. दुकानात त्याला पुल-आउट किंवा पुल-डाउन म्हणतात. कोकणातल्या कित्येक घरांत तर हा नळ दुबई-कुवेतहून सामानात येतो. बसवला की मात्र तक्रार ऐकू येते, "तिथं किती छान चालत होता, इथं नुसती करंगळीएवढी धार!"

यात नळाचा दोष बहुतेक वेळा नसतो. नळ एका प्रकारच्या दाबासाठी बनवलेला असतो आणि आपण तो दुसऱ्याच दाबावर बसवतो. चांगला स्प्रे नळ म्हणजे जोरात पाणी सोडणारा नळ नव्हे. ज्या कामाला जेवढं पाणी लागतं तेवढंच, आपल्या घरच्या दाबावर देणारा नळ म्हणजे चांगला नळ. पैशाचा, पाण्याचा आणि आरोग्याचा प्रश्न असल्यामुळं हे जरा सविस्तर समजून घेऊ.

आत काय असतं?

बाहेरून दिसतो तो नळाचा चकचकीत गळा. त्याच्या आत एक लवचिक पाइप असतो. तो सिंकच्या खाली उतरतो, वळसा घेतो आणि पुन्हा वर येतो. त्या पाइपला खाली एक वजन लावलेलं असतं. आपण तोंड ओढलं की वजन वर येतं, सोडलं की वजन पाइपला खाली खेचतं आणि तोंड जागेवर बसतं. म्हणून सिंकखाली गॅस सिलिंडर, कचऱ्याचा डबा, कांद्याची टोपली ठासून भरलेली असेल तर पाइप अडकतो आणि तोंड लोंबकळत राहतं. नळ बिघडला असं वाटतं, पण बिघडलेला नसतो.

आपल्या घरात स्प्रे तसा नवा नाही. संडासातला जेट स्प्रे आपण वर्षानुवर्षं वापरतो. पण दोघांत एक मोठा फरक आहे. जेट स्प्रेचं बटण पाइपच्या शेवटी असतं, म्हणजे पाइपमध्ये चोवीस तास दाब कोंडलेला असतो. म्हणूनच तो पाइप कधीतरी रात्री फुटतो आणि सकाळी टाकी रिकामी सापडते. किचनच्या पुल-आउट नळात दांडी आधी आणि पाइप नंतर. दांडी बंद केली की पाइप मोकळा होतो. त्यामुळं स्वस्तात पडतो म्हणून जेट स्प्रेचा पाइप सिंकवर जोडून घेऊ नये. आणि पुल-आउट नळाला 'पॉज'चं बटण असेल तर ते फक्त मिनिटभरासाठी आहे. काम झालं की दांडीच बंद करायची.

दाबाचं साधं गणित

टाकीतलं पाणी नळापेक्षा जितकं उंच, तितका दाब जास्त. हिशेब सोपा आहे : दर १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब.

समजा तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे आणि टाकी गच्चीवर छोट्या ओट्यावर आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सिंकचा नळ टाकीपासून जेमतेम ३ मीटर खाली असतो, म्हणजे दाब ०.३ बार. तळमजल्यावर तीच उंची ९ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे ०.९ बार. पाइपची वळणं आणि जुना गंज यात आणखी थोडा दाब खातात.

आता खोक्यावर पाहा. बाहेरून आलेल्या बऱ्याच नळांवर किमान दाब १ बार लिहिलेला असतो आणि त्यांचा खरा रंग ३ बारला दिसतो. आखाती शहरांतल्या मोठ्या इमारतींत पाणी पंपानं दाब देऊन फिरवलेलं असतं, म्हणून तिथं तो नळ मस्त चालतो.

दाब दहापट कमी झाला तर पाणी दहापट कमी होत नाही. साध्या छिद्रातून जाणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाप्रमाणं बदलतं. ३ बारला मिनिटाला ८ लिटर देणारा नळ ०.३ बारला साधारण अडीच लिटर देईल. हात धुवायला हे पुरेल. पण बिर्याणीचा टोप भरायला घेतला तर भाभींचा संयम संपेल. शिवाय फवार म्हणजे बारीक बारीक छिद्रं. त्यांतून पाणी सुटायला जोर लागतो. जोर नसला की फवार न होता थेंब एकमेकांना चिकटून एक वाकडी धार होते.

म्हणून टाकीवर चालणाऱ्या घरासाठी नळाची रचनाच वेगळी हवी : आतला पाइप जरा मोठ्या पोटाचा, वळणं कमी, फवाराची छिद्रं थोडी मोठी आणि किमान दाब ०.५ बार किंवा त्याहून कमी लिहिलेला. हे जमत नसेल तर टाकीतून खाली येणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवता येतो. पालिकेच्या लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढणं मात्र बेकायदा आहे. त्यातून शेजाऱ्याच्या हक्काचं पाणी आपल्याकडं येतं, हेही विसरू नये.

एक नळ, अनेक प्रवाह

सिंकवर तीन प्रकारची कामं होतात. भांडं भरायला भरपूर पाणी लागतं, त्यात काटकसरीला जागा नाही, कारण टोप तेवढाच आहे. हात, फळं, कोथिंबीर धुवायला मऊ आणि थोडं पाणी पुरतं. खरकटं, कढईची चिकट तेलकट कड काढायला पाणी थोडं चालतं, पण धारेला जोर हवा.

चांगल्या नळाच्या तोंडात या तिन्हींची सोय असते. पहिली, हवा मिसळलेली धार. तोंडाच्या जाळीतून पाणी जाताना बाजूची हवा ओढली जाते, धार जाड आणि मऊ दिसते, शिंतोडे उडत नाहीत. दुसरी, फवार. तेच पाणी बारीक छिद्रांत वाटलं जातं आणि जास्त जागा धुतं. काही नळांत तिसरी, पात्यासारखी चपटी धार असते. ती ताटावरचं खरकटं झाडूसारखी लोटते.

प्रवाह ठरावीक ठेवण्यासाठी तोंडात एक छोटी चकती असते. चांगल्या चकतीत रबराची कडी असते. दाब वाढला की ती कडी दबून वाट अरुंद करते, दाब कमी झाला की सैल होते. म्हणून पंप सुरू असो वा बंद, ठरलेल्या मर्यादेत पाणी जवळपास सारखंच येतं. आपल्याकडं टाकी भरलेली असताना आणि तळाला गेलेली असताना फरक पडतो, तिथं ही कडी कामाची. पण दाब फारच कमी असेल तर ती चमत्कार करत नाही.

अमेरिकेत किचनच्या नळाला मिनिटाला जास्तीत जास्त ८.३ लिटरची मर्यादा १९९४ पासून आहे. कॅलिफोर्नियानं २०१६ पासून ती ६.८ लिटरवर आणली, पण एक शहाणपणाची मुभा ठेवली : टोप भरण्यासाठी तात्पुरता ८.३ लिटरचा प्रवाह चालेल, मात्र नंतर नळ आपोआप कमी प्रवाहावर परतला पाहिजे. नळ घेताना हेच पाहायचं. नेहमीचा प्रवाह कमी आणि जास्तीचं पाणी मुद्दाम बटण दाबल्यावरच.

जे कधीच काढू नये

साधा नळ सिंकच्या काठाच्या वर असतो. घाण पाणी त्याला शिवत नाही. पुल-आउटचं तोंड मात्र साबणाच्या पाण्यात बुडू शकतं, टोपात पडून राहू शकतं. त्याच वेळी पाणी गेलं, लाइन रिकामी झाली किंवा खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर ते घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, आणि तेच पुढं आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पिण्याच्या लाइनमध्ये. जिथं पाणी दिवसातून दोन तास येतं, तिथं हा धोका पुस्तकी नाही.

यासाठी नळात एक छोटा एकदिशा वॉल्व्ह असतो. प्लंबर त्याला एनआरव्ही म्हणतात. पाणी पुढं जातं, मागं येत नाही. पाणी कमी येतं म्हटल्यावर काही प्लंबर तोंड उघडून आतला "अडथळा" काढून टाकतात. अडथळे दोन असतात. प्रवाह कमी करणारी चकती काढली तर फक्त पाणी जास्त येईल. एनआरव्ही काढला तर घराचं संरक्षणच गेलं. प्लंबरला हा फरक आधी सांगा आणि काय काढलं ते हातात घेऊन पाहा.

मटण, चिकन आणि फवार

आपल्या किचनमध्ये गोश्त धुणं रोजचं. कुर्बानीच्या दिवसांत तर परातीच्या पराती धुतल्या जातात. इथं फवाराचा मोह टाळावा. कच्च्या चिकनवरचे जंतू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, सलाडच्या कांद्यावर, मुलांच्या डब्यावर जातात. म्हणूनच ब्रिटन-अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा संस्था कच्चं चिकन नळाखाली धुऊच नका असं सांगतात. जंतू धुण्यानं नाही, नीट शिजवण्यानं मरतात.

आपल्याकडं न धुता शिजवणं अनेकांना पटणार नाही. मग किमान एवढं करा : भांड्यात पाणी घेऊन, तोंड मांसाच्या अगदी जवळ नेऊन, हवा मिसळलेली मऊ धार वापरा. नंतर सिंक आणि नळाचं तोंड साबणानं धुवा, कारण खराब हातानंच आपण ते ओढलेलं असतं. आणि पाणी पांढरंशुभ्र येईपर्यंत धुतच राहणं गरजेचं नाही. फुकहांच्या मते जबिहाच्या वेळी वाहणारं रक्त नापाक असतं, त्यानंतर मांसात उरलेला लालसरपणा नापाक नाही. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

मुद्द आणि मिनिट

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे की प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत आणि एक साअ ते पाच मुद्दमध्ये गुस्ल. मुद्दचं माप मसलकानुसार थोडं बदलतं, पण ते अर्धा ते एक लिटरच्या दरम्यानच येतं. आता आपल्या घरातला हिशेब : मिनिटाला १० लिटरचा नळ वुजूसाठी तीन मिनिटं सुरू राहिला तर ३० लिटर गेले. दिवसाला पाच वेळा, घरात पाच माणसं, म्हणजे ७५० लिटर. ५०० लिटरची टाकी दीड वेळा रिकामी!

भांड्यांचंही तसंच. रमजानमध्ये इफ्तारनंतरची भांडी २० मिनिटं वाहत्या नळाखाली धुतली तर १० लिटरच्या नळातून २०० लिटर जातात, ५ लिटरच्या फवारातून १००. साबण लावताना नळ बंद ठेवला तर आणखी निम्मे वाचतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असं आपल्याकडचं सरकारी माप आहे. आपण वाचवलेले १०० लिटर म्हणजे एका माणसाचा जवळपास दिवस.

सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याच्या परवानगीबरोबरच इस्राफची मनाई येते. कोकणातले शाफई असोत की देशावरचे हनफी, वुजूत गरजेपेक्षा जास्त पाणी वाहवणं मकरूह यावर दोघांचं एकमत आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दुकानात जाण्याआधी

१. एक लिटरची बाटली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. सिंकचा नळ पूर्ण उघडून बाटली भरा. ६ सेकंदांत भरली तर मिनिटाला १० लिटर, १० सेकंदांत भरली तर ६ लिटर. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आधी जाळी साफ करून पुन्हा मोजा. तरीही तेवढेच लागले, तर दाब वाढवल्याशिवाय पुल-आउट घेऊ नका.

२. टाकीच्या तळापासून नळापर्यंतची उंची मीटरमध्ये मोजा, दहानं भागा. तो तुमचा दाब. खोक्यावरच्या किमान दाबाशी ताडून पाहा.

३. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात एनआरव्ही आहे का ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरा नळ पाहा.

४. तोंडाची छिद्रं रबरासारख्या मऊ सिलिकॉनची असावीत. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर अंगठ्यानं चोळला की निघतो. जुना थर असेल तर तोंड काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा.

५. सिंकखाली वजन खालीवर जायला हातभर मोकळी जागा ठेवा.

६. पुल-आउट परवडत नसेल किंवा दाब पुरत नसेल, तर आहे त्याच नळाला फिरणारी दोन प्रवाहांची तोटी लावता येते. काही शे रुपयांत काम होतं. आटे जुळायला हवेत, म्हणून नळाची जुनी जाळी दुकानात सोबत न्या.

घरात नळ निवडताना रंग आणि चकाकी पुरुष ठरवतात, वापरतात मात्र बहुतेक बायका. म्हणून दुकानात अम्मी, बहीण, बायको यांना सोबत न्या आणि तोंड त्यांच्या हातात देऊन पाहा. बटण ओल्या हातानं दाबता येतं का, पाइप ओढताना मनगट दुखतं का, टोप ओट्यावरच ठेवून भरता येतो का? पाण्यानं भरलेला टोप सिंकमधून उचलावा लागू नये, हा या नळाचा सर्वांत मोठा फायदा आहे. कंबरदुखी असलेल्या अम्मीसाठी तेवढ्यासाठीही खर्च करायला हरकत नाही. फक्त आधी बाटली भरून मोजा.