गरोदरपणातली साफसफाई : काय चालेल, काय टाळावे

रमजान जवळ आला की घरोघरी झाडझूड सुरू होते. पडदे उतरतात, माळे रिकामे होतात, न्हाणी-संडास घासून लख्ख केले जातात. अशा वेळी घरात कुणी गरोदर असेल तर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, "आम्ही नाही का नवव्या महिन्यापर्यंत सगळे केले?" दुसरी म्हणते, "फिनेलला हातसुद्धा लावू नकोस." या दोन्हींच्या मध्ये खरी गोष्ट आहे.

भांडी घासणे, साबणाने कपडे धुणे, पाण्यात थोडे फिनेल टाकून फरशी पुसणे यांत सहसा धोका नसतो. फक्त खिडकी उघडी असावी, हातात रबरी मोजे असावेत आणि औषध डब्यावर लिहिले आहे तेवढेच घ्यावे. वासाने मळमळत असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे. ओल्या, साबणाच्या फरशीवर पाय घसरणे हाही मोठाच धोका आहे.

मिसळू नका

खरा धोका दोन औषधे एकत्र करण्यात आहे. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत अ‍ॅसिड असते. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचतो. बंद न्हाणीत उकिडवे बसून घासणाऱ्या बाईच्या नाकाशीच तो असतो. पोटातल्या बाळाला प्राणवायू आईच्याच रक्तातून मिळतो. तिचा श्वास कोंडला तर त्याचाही कोंडतो.

"घरगुती म्हणजे निर्धोक" असे समजून ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर घालणेही तितकेच चूक, कारण तीही अ‍ॅसिडेच. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तोही ब्लीचबरोबर नको.

चुकून असे झालेच, डोळे-घसा चुरचुरू लागले, तर घासत बसू नये. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोळ्यांत काही उडाले तर नळाच्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर दवाखाना गाठावा आणि गरोदर असल्याचे आधी सांगावे. कुणी औषध गिळले तर उलटी करवू नये. बाटली घेऊन थेट रुग्णालयात जावे.

बाटली आणि पेटी

दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून पाण्याच्या जुन्या बाटलीत अ‍ॅसिड घेण्याची सवय सोडावी. त्यावर ना नाव असते, ना सूचना. घरातले मूल ते पाणी समजून पिऊ शकते.

दुसरी गोष्ट डांबरगोळ्यांची. थोरल्या भावंडाची दुपटी-झबली आपण पेटीत गोळ्या टाकून जपून ठेवतो. बऱ्याच गोळ्यांत नॅप्थलीन असते. जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. अशी कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत, गरोदर बाईनेही त्यांपासून दूर राहावे. पूर्वी ठेवल्या असतील तर ते कपडे बाळासाठी काढू नयेत. कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरे. झुरळे-ढेकणांच्या फवाऱ्याचे कामही तिच्याकडे नको.

काम कुणाचे?

सासूबाईंनी आणि नवऱ्याने एवढे ठरवावे की, या नऊ महिन्यांत न्हाणी-संडास घासण्याचे काम घरातल्या पुरुषांचे. एका वेळी एकच औषध, दार उघडे, आणि आधीचे पाण्याने पूर्ण वाहून गेल्याशिवाय दुसरे नाही. हा नियम त्यांनाही लागू आहे. एखादे औषध आधीच वापरले गेले असेल तर सून मनात कुढत बसू नये; पुढच्या तपासणीला डबा दाखवून डॉक्टरांना विचारावे.