आम्लपित्त आणि डावी कूस

बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत आज रात्री उशिरा जागणारी आणि उशिरा जेवणारी वसाहत म्हणून ओळखली जाते. संगणकाच्या उद्योगाने या भागाचे रूप पालटले. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली येथेच एका घरातून सुरू झाली. न्यू यॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा येथे ऋतुमानाप्रमाणे सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. ज्याचे काम त्या दूरच्या घड्याळाशी बांधलेले आहे, त्याचे जेवण साहजिकच रात्री अकरा-बारावर जाते. पुण्याहून किंवा नागपुराहून नोकरीसाठी येथे आलेला मराठी तरुणही याला अपवाद नाही. जेवण उरकते, लगेच अंथरूण धरले जाते. आणि दोन-तीनच्या सुमारास छातीत जळजळ होऊन तो जागा होतो. तोंडात आंबट-कडू पाणी आलेले असते. यालाच मराठीत ‘घशाशी येणे’ म्हणतात.

अशा वेळी एखादी गोळी चघळली जाते, डोक्याखाली आणखी एक उशी येते आणि उरलेली रात्र बसून काढली जाते. परंतु हा त्रास रात्रीच का बळावतो, हे एकदा समजले म्हणजे त्यावरचे बरेचसे उपाय घरातच सापडतात.

जठरातील रस तीव्र आम्ल असतो. जठराचे अस्तर ते आम्ल सोसते. अन्ननलिकेचे अस्तर मात्र त्यासाठी घडलेले नाही. म्हणून या दोहोंच्या सांध्यावर निसर्गाने स्नायूंचे एक कडे ठेवले आहे. घास उतरताना ते उघडते आणि मागाहून पुन्हा आवळले जाते. पोट तुडुंब भरले, तळकट पदार्थ फार झाले किंवा मद्य आणि धूम्रपान यांची भर पडली, की हे कडे सैल पडते आणि आम्ल वर येते. असे दिवसाही घडते. पण दिवसा दोन रखवालदार पहाऱ्यावर असतात. पहिला म्हणजे गुरुत्वाकर्षण. माणूस उभा वा बसलेला असला, की वर आलेले आम्ल आपोआप खाली उतरते. दुसरी लाळ, जागेपणी माणूस नकळत ती गिळत राहतो, आणि ती उरलेसुरले आम्ल धुऊन त्याची तीव्रता मारते. झोपेत शरीर आडवे होते, लाळ अगदी थोडी सुटते आणि गिळणे विरळ होते. दोन्ही रखवालदार एकदमच रजेवर जातात. दिवसा थोडक्यात ओसरणारे आम्ल मग रात्री अन्ननलिकेत बराच वेळ साचून राहते.

यावरून पहिला उपाय सहज सुचतो, आणि तो घड्याळाचा आहे. जेवण आणि झोप यांत सुमारे तीन तासांचे अंतर असावे. ज्याला मध्यरात्रीनंतरच घरी येता येते, त्याने मुख्य जेवण कामावर असतानाच संध्याकाळी करावे आणि घरी आल्यावर थोडेसे हलके खावे. दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या माणसालाही हाच नियम लागू आहे. येथे सूर्याची वेळ मोजायची नसून अंथरुणाची वेळ मोजायची असते.

दुसरा उपाय उताराचा. उशांची चळत रचली, की नुसती मान आणि कंबर वाकते, पोट दाबले जाते आणि उलट आम्लच वर ढकलले जाते. कंबरेपासून मस्तकापर्यंतचा सारा भाग एका सरळ उतारावर यावा, हे खरे सूत्र. खाटेच्या उशाकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे भक्कम लाकडी ठोकळे घातले, की हे साधते. पायच नसलेला पेटीचा पलंग असेल, तर पाठीखाली पाचरीच्या आकाराची लांब, उतरती गादी घालावी.

तिसरा उपाय कुशीचा. मराठी घरात भोजनोत्तर शतपावली आणि वामकुक्षी हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. वाम म्हणजे डावी. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवरचा विसावा. केवळ रूढी जुनी म्हणून ती खरी ठरत नाही; परंतु या रूढीला शरीररचनेचा आधार आहे. जठराचा फुगीर भाग डावीकडे असतो आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या अंगाने येऊन मिळते. डाव्या कुशीवर झोपले, की आम्लाचे तळे खाली राहते आणि सांधा त्याच्या वर येतो. उजव्या कुशीवर सांधाच तळ्यात बुडतो. २०२२ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांची कूस आणि अन्ननलिकेतील आम्ल यांची एकाच वेळी नोंद घेतली. आम्ल वर येण्याचे प्रसंग कोणत्याही कुशीवर फारसे कमी-अधिक नव्हते. पण डाव्या कुशीवर ते पुष्कळ लवकर खाली उतरत होते.

औषधांची योग्य जागाही ओळखली पाहिजे. ओमेप्राझोलच्या जातीची औषधे आम्ल तयार होण्यावरच लगाम घालतात. म्हणून ती साधारणपणे जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यायची असतात. भरल्या पोटी, निजताना घेतलेल्या गोळीचा गुण कमी येतो. ती किती दिवस घ्यावी, हे मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

या साऱ्यात एक धोका फार मोठा आहे. छातीतील प्रत्येक दुखण्याला ‘पित्त झाले’ म्हणून निकालात काढण्याची सवय घरोघरी आहे, आणि हृदयविकाराचा झटका पुष्कळदा याच वेशात येतो. छातीवर दाब वाटणे, कळ हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे सरकणे, घाम फुटणे, धाप लागणे, ही लक्षणे दिसली तर सोडा पिऊन वाट पाहण्याची ती वेळ नव्हे. कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कोरमंगल्याच्या रहिवाशांना तर सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. त्याचप्रमाणे घास अडकणे, कारण नसता वजन उतरणे, रक्ताची उलटी किंवा काळे शौच होणे, यांपैकी काहीही आढळले तर तपासणी लांबणीवर टाकू नये. वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेले आम्ल अन्ननलिकेला व्रण पाडते, ती आकुंचित करते आणि क्वचित कर्करोगाचीही वाट मोकळी करते.

एरवी जो त्रास उरतो, त्यासाठी जेवण लवकर, खाट उतरती आणि कूस डावी, इतके पथ्य पुष्कळांना पुरते. परगावच्या भाड्याच्या खोलीतही ते पाळता येते. त्यासाठी खर्च येतो तो दोन लाकडी ठोकळ्यांचा आणि थोड्याशा निग्रहाचा.