कोटेशनवरची घासाघीस

नव्या मोटारसायकलच्या खरेदीत घासाघीस कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे शोरूममधल्या कोटेशनवरूनच कळते. मात्र ते ओळीओळीने वाचावे लागते. पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. ती कंपनी ठरवते, तिच्यात जीएसटी धरलेला असतो (२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के) आणि उरलेल्यात डीलरचा वाटा थोडकाच असतो. त्यामुळे ‘पाच हजार कमी करा’ म्हणत याच ओळीवर अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पदरात बहुधा एखादे सीट कव्हर पडते. डीलरची खरी कमाई खालच्या ओळींत असते. विम्यावरचे कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्त कंपनीकडून येणारी रक्कम आणि अॅक्सेसरीज ही तिची मुख्य अंगे. घासाघिशीलाही जागा तिथेच.

दुसरी ओळ आरटीओची. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल दुचाकीवर एकरकमी कर लागतो. ९९ सीसीपर्यंत तो किमतीच्या १० टक्के, २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के असतो. नोंदणी शुल्क ३०० रुपये. यात सूट देणे डीलरच्या हातात नाही, पण जास्त आकारणे मात्र आहे. ‘आरटीओ’ म्हणून एकच गोल आकडा लिहिला असेल, तर त्याची फोड मागावी आणि गाडी नावावर झाल्यावर कराच्या पावतीशी ताडून पाहावी. उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे वेगळे पैसे लावले असतील, तर तेही विचारावे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती कंपनीनेच पुरवायची असते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो विम्याच्या ओळीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकारी दराने ठरतो, तो सगळीकडे सारखाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र ऐच्छिक असून त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. त्यावर चढवलेली झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण, रोडसाइड असिस्टन्स ही कवचे काही गाड्यांना उपयोगी असतात, तर काहींना केवळ बिल फुगवतात. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा आधीच्या गाडीसोबत किंवा स्वतंत्रपणे काढलेला असेल, तर तो पुन्हा घ्यायची गरज नसते. जुनी दुचाकी विकून नवी घेणाऱ्याला जुन्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस नव्या गाडीकडे वळवता येतो आणि तो स्वनुकसान विम्याच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. हे शोरूममध्ये आपणहून क्वचितच सांगितले जाते. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरच्या कंपनीचे कोटेशन टेबलावर ठेवले की बरेचदा तोच सेल्समन तेवढ्याच पैशांत पॉलिसी द्यायला तयार होतो.

पुढची ओळ कधी ‘हँडलिंग’, कधी ‘लॉजिस्टिक्स’, तर कधी नुसती ‘इतर खर्च’ म्हणून येते. या रकमेला कायद्याचा आधार नाही. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च डीलरच्या धंद्याचाच भाग आहे. ही ओळ सरळ काढायला सांगावी. अॅक्सेसरीजचा संच ‘कंपल्सरी’ असल्याचे सांगितले जाते, तेव्हाही हेच करावे. मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायटेकणे आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा आडोसा, म्हणजे आपला साडीगार्ड, या गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे गाडीसोबतच असायला हव्यात. खरेदीच्या वेळी प्रमाणित हेल्मेट देण्याची जबाबदारीही नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. क्रॅश गार्ड, कोटिंग, मॅट ही ज्याची त्याची हौस.

कर्ज काढायचे असेल तर हप्त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही, ती व्याजावर करावी. शोरूममध्ये बहुधा फ्लॅट दर सांगतात. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे, १० टक्के फ्लॅट म्हटले की महिन्याला सुमारे ३,६११ रुपये पडतात. घटत्या शिलकीवर मोजल्यास तोच दर जवळजवळ १८ टक्के होतो. त्यामुळे आपल्या बँकेतला किंवा पतसंस्थेतला दर आधी विचारून जाणे बरे.

वेळेचे गणितही असते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी गाडी घरी न्यायला रांग लागते, तेव्हा डीलर कशाला झुकेल? दसऱ्याच्या आधीच्या पितृपक्षात मात्र शोरूम ओस पडते. त्या पंधरवड्यात भाव पक्का करून तो लेखी घ्यायचा आणि ताबा दसऱ्याला घ्यायचा, असे शहाणे गिऱ्हाईक करते. महिन्याचे आणि तिमाहीचे शेवटचे दिवसही बरे, कारण कंपनीचे टार्गेट गाठायला डीलरला आणखी गाड्या खपवायच्या असतात. पडून राहिलेला माल डीलरला किती नकोसा होतो, हे मार्च २०१७ मध्ये दिसले. १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्या विकायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई करताच दोन दिवसांत काही दुचाकींवर २२ हजारांपर्यंत सूट जाहीर झाली. म्हणूनच गाडीचा उत्पादन महिना विचारावा. तो नोंदणीपुस्तकात उतरतो आणि पुढे विकताना भाव पाडतो. मागच्या वर्षीची गाडी पुढे केली जात असेल, तर त्याची किंमत सवलतीत वसूल करावी.

एकाच मॉडेलची लेखी कोटेशने दोन-तीन डीलरांकडून घेतल्यावर बोलणे सोपे होते. तुलना ऑन-रोड, म्हणजे सगळ्या ओळी मिळून होणाऱ्या, रकमेची करावी. एका ओळीत दिलेली सूट दुसऱ्या ओळीत परत घेतलेली असू शकते. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, रंग, ठरलेली रक्कम, ताब्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्यावी. काही लोकप्रिय मॉडेलांना महिनोन्‌महिने प्रतीक्षा असते. तिथे घासाघीस चालत नाही, फार तर हँडलिंगची ओळ निघते.

शेवटचे पैसे भरण्याआधी चॅसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळवून घ्यावेत. नोंदणीविना, निदान तात्पुरत्या नोंदणीविना, गाडीचा ताबा देणे डीलरला नियमाने मना आहे. गाडीसोबत कर-बीजक, विक्री प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, कराची पावती आणि दोन्ही चाव्या मिळायला हव्यात. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती यात असावी. जी रक्कम ‘पावतीशिवाय’ मागितली जाते, ती न दिल्याने गाडी अडत नाही.