दर आणि दर्जा : वसई-विरारमधील मोटार-निगेच्या लहान धंद्याचा एक विचार

मोटारगाडी धुणे आणि मोटारगाडीचे ‘डिटेलिंग’ करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, हे गिऱ्हाइकास पटवून देणे हेच ह्या धंद्याचे पहिले भांडवल होय. ‘डिटेलिंग’ला मराठीत सुटसुटीत प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. गॅरेजांत चालत आलेला ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द त्याच्या एका अंगापुरताच आहे. मूळ फ्रेंच धातूचा अर्थ ‘कापणे, तुकडे पाडणे’ असा असून किरकोळ विक्रीचा वाचक ‘रिटेल’ आणि कपडे बेतणारा ‘टेलर’ हे शब्दही त्याच कुळातले. कामाचे बारीक तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे नीट करावयाचा, हा अर्थ ह्या व्यवसायास यथार्थपणे लागू पडतो. किमतीचा प्रश्नही येथूनच उद्भवतो. कारण गिऱ्हाईक सबंध गाडीची किंमत विचारते आणि कारागिराचा खर्च मात्र तुकड्यातुकड्यावर होत असतो.

वसई-विरार परिसरात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवावा अशी परिस्थिती आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक भरली होती. पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि वालीव-गोखिवऱ्याकडील कारखान्यांची धूळ, पश्चिमेस समुद्राचा खारा वारा व मिठागरे, आणि वर्षातील चार महिने कोकणचा पाऊस. गाडीच्या रंगास अपायकारक म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांपैकी बहुतेक येथे एकाच तालुक्यात सापडतात.

त्यांत पाण्याची भर पडते. शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथून होतो. धुण्याच्या धंद्यास मात्र तो अपुरा पडतो, आणि मग टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी घ्यावे लागते. पश्चिम पट्ट्यात बावखल ह्या नावाने ओळखली जाणारी गोड्या पाण्याची पारंपरिक तळी होती व काही अजूनही आहेत. परंतु भूगर्भातील पाण्यात जेथे खारेपणा शिरला आहे, तेथे त्या पाण्याने धुतलेली काळी गाडी मे महिन्याच्या उन्हात वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उमटतात. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि वेळीच न पुसल्यास रंगाच्या वरच्या थरात रुततात. ह्यावर उपाय साधा आहे : शेवटचे विसळणे क्षार काढलेल्या पाण्याने करावे आणि गाडी सावलीत पुसून कोरडी करावी. परंतु क्षार काढण्याचे यंत्र, त्याची निगा आणि ती सावली ह्या तिन्हींस पैसे पडतात, आणि ह्यांपैकी एकही गोष्ट गिऱ्हाइकास दिसत नाही.

न दिसणाऱ्या खर्चाचे याहून मोठे उदाहरण खुद्द रंगाचेच आहे. आधुनिक गाडीच्या पत्र्यावरील कारखान्यातील रंगाची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन असते. तीपैकी सर्वांत वरचा पारदर्शक थर सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे घालवावयाचे म्हणजे हा थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून समतल करावयाचा. दर खेपेस काही मायक्रॉन जातात, आणि गेलेला थर पुन्हा येत नाही. म्हणून जाडी मोजण्याचे उपकरण हाती असलेला आणि नसलेला कारागीर ह्यांत फार मोठे अंतर पडते. सौद्यातील ओढाताणीला मराठीत ‘घासाघीस’ म्हणतात हा योगायोगच. पण ह्या धंद्यात दराची घासाघीस फार झाली की तिची भरपाई पत्र्यावरील घासाघिशीत होते, हे अक्षरशः खरे आहे. वेळ वाचविण्यासाठी जास्त खरखरीत लेप आणि जास्त वेगाचे यंत्र वापरले जाते. गाडी त्या दिवशी चकाकते. पण अतिनील किरणांपासून रक्षण करणारी द्रव्ये ज्या थरात असतात, तोच थर झिजलेला असतो.

दरात नेमके काय सामावलेले असते हे पाहण्यासाठी एक हिशेब मांडता येईल. त्यातील आकडे केवळ आकडेमोडीच्या सोयीसाठी मानलेले आहेत. दोन कारागीर असलेल्या एका गाळ्याचे भाडे, पगार, वीज व पाणी मिळून रोजचा खर्च ३००० रुपये धरू. दोघांचे मिळून १६ तास होतात; पण गाड्यांची ने-आण, साफसफाई आणि वाट पाहणे वजा जाता प्रत्यक्ष पैसे मिळवून देणारे तास १० उरतात. म्हणजे एका तासाचा खर्च ३०० रुपये. ओरखडे नीट काढण्यास ८ तास आणि ६०० रुपयांचे साहित्य लागत असेल, तर ३००० रुपयांखाली ते काम परवडणार नाही. समोरचा गाळा हेच काम १५०० रुपयांत देऊ करतो. तो तोटा सोसत आहे असे समजण्याचे कारण नाही. ३ तासांत आणि ३०० रुपयांच्या साहित्यात त्याचा खर्च १२०० रुपये होतो व वर ३०० उरतात. दोन दरांतील अंतर नफ्याचे नाही. ते पाच तासांचे आहे. पावसाळ्यात पैसे मिळवून देणारे तास पाचांवर आले की तासाचा खर्च दुप्पट होतो, आणि नेमक्या त्याच वेळी दर उतरविण्याचा मोह सर्वाधिक असतो.

कराचाही थोडा भाग ह्यात आहे. वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असल्यास सेवाव्यवसायास वस्तू व सेवा कराची नोंदणी सहसा सक्तीची नसते. त्यामुळे मोठ्या दुकानाच्या बिलावर दिसणारा कर लहान गाळ्याच्या बिलावर दिसत नाही. मात्र साहित्य विकत घेताना भरलेला कर त्यास परतही मिळत नाही, ही गोष्ट दर ठरविताना पुष्कळदा विसरली जाते.

आता मूळ अडचणीकडे वळता येईल. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली वस्तूंच्या गुणांचे दोन वर्ग केले : घेण्यापूर्वी पाहून कळणारे आणि वापरल्यावर कळणारे. १९७३ साली मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी तिसरा वर्ग जोडला : वापरूनही सामान्य माणसास पारखता न येणारे, केवळ विश्वासावर घ्यावे लागणारे गुण. मोटारीच्या निगेत हे तिन्ही वर्ग एकत्र नांदतात. चकाकी लगेच दिसते. पाण्याचे ठिपके दोन आठवड्यांनी दिसतात. किती मायक्रॉन गेले हे बहुधा कधीच कळत नाही. तेलकट भरण वापरून ओरखडे बुजविलेली गाडी आणि ओरखडे खरोखर काढलेली गाडी ताब्यात घेतेवेळी सारखीच दिसते. चार-सहा धुण्यांनंतर पहिलीचे ओरखडे परत डोके वर काढतात. १९७० सालीच जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, चांगले-वाईट ओळखण्याचे साधन खरेदीदारापाशी नसेल तर तो सरासरी किंमतच देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. ह्या विचारासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जुन्या गाड्यांचे विक्रेते हेच निगा-व्यवसायाचे ठराविक गिऱ्हाईक असतात आणि त्यांना विक्रीच्या दिवसापुरती चकाकी पुरते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे तो सिद्धान्त येथे दुप्पट लागू पडतो. विक्रेत्यास भरण घातलेले काम देणे हा अपराध नव्हे. तेच काम त्याच नावाने कुटुंबाच्या पहिल्या गाडीला देणे हा मात्र अपराध होय.

‘त्याच नावाने’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. गिऱ्हाइकास गुण पारखता येत नाही. ते नाव पारखते, आणि दोन गाळ्यांची तुलना दरपत्रकातील नावांवरूनच करते. परंतु ह्या नावांचा अर्थ स्थिर नाही. ‘टेफ्लॉन’ हे पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन ह्या, १९३८ साली सापडलेल्या द्रव्याचे व्यापारी नाव. ते ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. तापवून त्याचा सलग लेप पत्र्यावर बसवावयाचा म्हटले तर गाडीचा रंग आधी जळून जाईल. तरीही ‘टेफ्लॉन कोटिंग’ हा शब्द कोणत्याही चकचकीत लेपास लावला जातो. ‘सिरॅमिक’च्या पाठोपाठ येणारे ‘नाइन एच’ हे पेन्सिलीच्या शिशाच्या काठिण्याचे माप आहे. ऐकणारा मात्र ते खनिजांच्या मोसच्या मापनातले नऊ समजतो, म्हणजे हिऱ्याच्या एकच पायरी खालचे, आणि आता किल्लीचा ओरखडाही उठणार नाही अशा समजुतीने पैसे मोजतो. शब्द तोच, वाच्यार्थ निराळा. आणि ह्या दोन वाच्यार्थांमधील अंतराची किंमत गिऱ्हाईक भरते.

दुकानाच्या पाटीपुरता भाषेचा प्रश्न कायद्याने सोडविला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठी झाली; तिच्याखालचे दरपत्रक पुष्कळ ठिकाणी पूर्वीचेच राहिले, आणि त्यातील शब्द देवनागरीत लिहिले तरी ते मराठी होत नाहीत. ‘प्रीमियम वॉश’ म्हणजे किती बादल्या, किती फडकी आणि किती वेळ, हे कोणत्याही लिपीत कळत नाही.

उलट क्रियापदांनी लिहिलेले दरपत्रक कल्पून पाहावे. ‘दोन बादल्यांनी धुणे, शेवटी क्षार काढलेल्या पाण्याने विसळणे, चिकणमातीच्या वडीने रुतलेले कण काढणे, एका फेरीत घासणे, खोल ओरखडे राहतील.’ ह्यातले शेवटचे तीन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. कारण त्यांनी दरात न बसणारा भाग उघडपणे बाहेर ठेवला. अरबीतून आलेल्या ‘दर्जा’ ह्या शब्दाचा मूळ अर्थही ‘पायरी’ असाच आहे. कमी पैशांत काम द्यावयाचे असेल तर वरच्या पायऱ्या सोडता येतात. चढलेल्या पायऱ्यांपैकी मधलीच काढून घेता येत नाही. एका फेरीचे काम कमी दरात देणे हा प्रामाणिक स्वस्तपणा. तीन फेऱ्यांचे नाव देऊन एक फेरी करणे, किंवा जमिनीवर पडलेले फडके न धुता पुन्हा पत्र्यावर फिरविणे, ही दर्जातली चोरी. आणि ते फडके धुण्यास लागणारा खर्च इतका क्षुल्लक असतो की, ह्या चोरीतून चोरालाही फारसे मिळत नाही.

पावसाळ्याचा प्रश्नही ह्याच रीतीने सुटण्याजोगा आहे. लेप बसण्यासाठी गाडी काही काळ पाण्यापासून दूर ठेवावी लागते, आणि दमट हवेत लेप पुसून घेण्याची वेळ बदलते. आत उभी करावयास जागा नसलेल्या गाळ्याने जुलैत लेपाचे काम निम्म्या दरात घेण्यापेक्षा ते ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलावे आणि त्या महिन्यांत आसनांवरील बुरशी, काचेवर पाणी न थांबू देणारा लेप, गाडीच्या पोटाखालील गंज अशी हंगामाचीच कामे पूर्ण दराने करावीत. वसईच्या हवेत अशा कामांना तोटा नाही.

उरतो तो हमीचा शब्द. ‘पाच वर्षांची हमी’ ह्या तीन शब्दांमागे बहुधा दरवर्षी तपासणीस गाडी आणण्याची अट असते आणि ती बारीक अक्षरांत असते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात सेवेतील त्रुटी ठरविताना कबूल केलेल्या कामातील उणीव पाहिली जाते. म्हणून गाडी ताब्यात घेताना जाडीचे आकडे, आधीपासून असलेले खोल ओरखडे आणि ठरलेल्या क्रिया एका कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या होणे हे गिऱ्हाइकाच्या जितके हिताचे, तितकेच कारागिराच्याही. त्या कागदास दहा मिनिटे लागतात. वरच्या हिशेबाप्रमाणे त्यांची किंमत पन्नास रुपये होते, आणि ती दरात धरावयास हवी.