भिंतीतले भोक

एखाद्या मोठ्या कारखान्यात गेलात तर छताकडे नजर टाका. लोखंडी शिडी आडवी टांगल्यासारखे काहीतरी दिसेल. तिच्यावर जाड काळ्या केबल ओळीने पसरलेल्या असतात. हिलाच 'केबल ट्रे' म्हणतात.

वीज वाहताना केबल तापते. उघड्या ट्रेवर तिला हवा लागते. म्हणून ट्रेमध्ये केबल कोंबून भरू नयेत. ढीग झाला, की मधल्या केबलची उष्णता अडकते आणि तिचे आवरण हळूहळू खराब होते. ट्रे धातूचा असतो. फाटक्या आवरणातून त्यात वीज उतरली तर हात लावणाऱ्याचा जीव जाईल. म्हणून ट्रेचे सर्व तुकडे एकमेकांना नीट जोडून त्यांना अर्थिंग देतात.

पण सर्वांत नाजूक जागा वेगळीच आहे. ट्रे भिंतीतून पलीकडे जातो, ते भोक!

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी हे अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तेथील कामगार अशाच एका भोकातून हवा जाते का, हे तपासत होते. कशाने? पेटत्या मेणबत्तीने! ज्योत हलली, की हवा जाते असे समजायचे. भोक बुजवायला मऊ फोम वापरला होता. पलीकडे हवेचा दाब कमी असल्याने ज्योत आत ओढली गेली आणि फोम पेटला. आग केबलवरून भिंतीपलीकडे, अणुभट्टीच्या इमारतीत पोहोचली. ती सुमारे ७ तास जळत होती. १६०० हून अधिक केबल खराब झाल्या. भट्टी थंड ठेवणाऱ्या कित्येक यंत्रांच्या केबल त्यांतच होत्या. उरलेल्या पंपांच्या मदतीने चालकांनी भट्ट्या सांभाळल्या. प्राणहानी झाली नाही. विजेच्या आगीवर पाणी मारावे की नाही, यातच फार वेळ गेला. शेवटी पाणी मारले, तेव्हा आग लवकर विझली. (घरात मात्र असा प्रयोग करू नका. आधी मेन स्विच बंद करा.)

या आगीनंतर १९८० मध्ये अमेरिकेत अणुकेंद्रांसाठी कडक नियम झाले. मुख्य आणि राखीव यंत्रणांच्या केबल एकाच आगीत सापडू नयेत, म्हणून त्यांच्यामध्ये ३ तास आगीला तोंड देणारी भिंत उभारावी किंवा तशीच दुसरी सोय करावी, असे ठरले.

आता साध्या इमारतींतही ट्रेभोवतीचे भोक न जळणाऱ्या मालाने बुजवतात. अडचण पुढे येते. वर्षभराने कोणी नवी केबल टाकायला येतो, लिंपण फोडतो, केबल ओढतो आणि निघून जातो. भोक तसेच उघडे राहते. ते पुन्हा बुजवल्याशिवाय त्याचे काम पुरे झाले असे समजू नये.